काशीशेठ स्वतः काय घ्यायचे?

रफीकभाईंचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या फाटक्या पाठींना डिंक लावत बसलो होतो. रफीकभाईंचा आवाज मी कित्येक वर्षं ऐकत आलो आहे, पण तो एकटा कधी ऐकला नव्हता. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या कारखान्यात कापड विणणारे लूम चालू असतात आणि फोनवर त्यांच्या प्रत्येक शब्दामागे ती खटाखट असतेच. त्या दिवशी ती नव्हती. नुसताच आवाज. मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार नव्हता. आमच्या भिवंडीत सुट्टीचा शुक्रवार सोडून लूम बंद असले, तर एक तर लाइट गेलेली असते, नाही तर माणूस.

"मास्तरजी, काशीसेठ चले गये."

"कहाँ?" मी विचारलं.

हा प्रश्न मी का विचारला असेन, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. काशीशेठ सतत कुठे ना कुठे जातच असत. कुणाच्या साखरपुड्याला, कुणाचं जमिनीचं भांडण मिटवायला, काहीच नसलं तर अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवायला. त्यांच्या जाण्याला 'कुठे' असायचंच... रफीकभाई म्हणाले, "सुबह चाय पीते-पीते." तेव्हा मला कळलं. फोन ठेवायला गेलो तर तो डिंकाने तळहाताला चिकटलेला. मी तो सोडवत उभा राहिलो, आणि मनात पहिला विचार आला तो असा की हे काशीशेठांना सांगितलं तर ते किती हसतील.

काशीशेठ म्हणजे खाडीकाठच्या एका गावचे काशिनाथ. वडिलांच्या काळी तिथे भात पिकायचा आणि खाडीत जाळी पडायची. आता तिथे गोदामं उभी आहेत. निजामपुऱ्यात त्यांची एक जुनी दुमजली इमारत होती. खाली रफीकभाईंचे लूम, वर लोखंडी जिन्याने गेलं की काशीशेठांचं ऑफिस. ऑफिस म्हणायचं ते केवळ तिथे एक टेबल होतं म्हणून. बाकी एक दिवाण, चार खुर्च्या, एक कपाट आणि त्या कपाटात नाना तऱ्हेचे ग्लास. शनिवारी दुपारचा चहा झाला की तिथे बैठक बसायची आणि दिवे लागायच्या सुमाराला उठायची. रात्रीच्या पिण्याला काशीशेठांचा विरोध होता. "रात्री मानूस झोप यावी म्हनून पितो. दिवसा पितो तो चव कळावी म्हनून," असं त्यांचं म्हणणं.

आमची ओळख झाली त्यांच्या पुतण्याच्या, दिनेशच्या, हळदीत. दिनेश आमच्या कॉलेजचा विद्यार्थी. ग्रंथालयात तो फक्त पंख्याखाली झोपायला येत असे, पण त्या झोपेची जाण ठेवून त्याने मला आमंत्रण दिलं होतं. खाडीकाठच्या गावातली हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी एवढंच समजावं, की लग्न हे हळदीचं निमित्त असतं. बेंजो वाजत होता, मांडव हलत होता, आणि एका बाजूला मोठ्या पिंपात बर्फाची लादी फोडून तिच्यात बिअरच्या बाटल्या मानेपर्यंत पुरल्या होत्या. मी सर्वांत लांबच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ पिंपापाशी उभे राहून बर्फाचा खडा कडाकडा चावत होते. त्यांनी मला पाहिलं आणि सरळ चालत आले.

"काय घेनार?"

"काहीही चालेल," मी म्हणालो. संकोची माणसाचं हे आयुष्यभराचं उत्तर.

ते शेजारची खुर्ची ओढून बसले. "मास्तर, इथं बिअर हाय, व्हिस्की हाय, थंडा हाय, पानी हाय. 'काहीही' न्हाय. 'काहीही' म्हनजे समोरच्यानं ठरवायचं न् आपन गिळायचं."

"मी मास्तर नाही. ग्रंथपाल आहे."

"म्हंजे पुस्तकांचे मास्तर. तुमच्याकडं पोरगा आला न् बोलला, कोनतंबी पुस्तक द्या, तर देता?"

"नाही देत. त्याला विचारतो, तुला काय आवडतं."

"मंग?" ते म्हणाले, आणि उरलेला बर्फ चावून संपवला.

त्या दिवशी मी पाणीच प्यालो. पण माझी आवड शोधून काढायचं काम त्या घटकेपासून काशीशेठांनी अंगावर घेतलं, घरातल्या उपवर मुलीचं घ्यावं तसं. दर शनिवारी एक नवं स्थळ. साधी बिअर झाली, कडक बिअर झाली. सोडा घातलेली व्हिस्की झाली. तिने मला अशी उचकी लागली की घरी पोचेपर्यंत शेअर रिक्षातले सगळे प्रवासी मला आळीपाळीने माझी आठवण कोण काढत असेल ते सुचवत होते. शहाळ्याच्या पाण्यातली व्हिस्की झाली, ती मला औषधासारखी लागली. प्रत्येक वेळी काशीशेठ समोर बसून मी जे पीत असे तेच स्वतः पीत, माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत आणि मान हलवत. "न्हाय. जमत न्हाय तुमचं. पुढं बघू." मी एकदा म्हणालो, की मला दारूच आवडत नसेल. त्यावर त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "आसंल. तसं असंल तर लिंबू-सोडा हाय, रफीकभाई तेच घेतात न् राजासारखे बसतात. पन ते तुमचं तुमी ठरवा, घाबरून ठरवू नका. ज्याची जीभ त्याची."

'ज्याची जीभ त्याची' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकाला बिअरमध्ये मीठ लागे, दुसरा व्हिस्कीत काळं कोल्ड्रिंक ओतून तिची उसाच्या रसासारखी गत करी; कुणी हसलं की काशीशेठ त्याच्यावर डोळे वटारत. रफीकभाई कारखान्यातून वर येत तेव्हा टेबलावरच्या बाटल्या खाली जात, त्यांच्यासाठी आणि काशीशेठांसाठी लिंबू-सोडा येत असे आणि रफीकभाईंचा ग्लास संपेपर्यंत कुणी दुसऱ्या कशाला हात लावत नसे. रफीकभाईंना सोड्यात बर्फ लागे, म्हणून स्टीलच्या एका पातेल्यात बर्फ कायम असायचा. त्यातला अर्धा काशीशेठांच्या दाढेखाली जाई. बोलता बोलता ते एक खडा उचलत, तोंडात टाकत, आणि कडाड् असा आवाज येई. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना बर्फ चावू नका म्हणून बजावलं होतं. एक दाढ त्यापायी गेली होती, दुसरीवर टोपी बसवली होती. मी म्हटलं, ही वाईट सवय आहे. ते म्हणाले, "तुमी पान उलटायला बोट जिभेला लावता, मी बोलतो काय?"

बैठकीत सगळं ओरडूनच बोलावं लागे, कारण खाली लूम. नव्या माणसाला वाटे की इथे भांडण चाललं आहे. मी जन्मात कधी आवाज चढवलेला नाही, पण तिथे मीसुद्धा घसा ताणून बोलायला शिकलो. एका शनिवारी काशीशेठ बिअरचा आणखी एक प्रकार माझ्यापुढे ठेवून पुन्हा पुन्हा विचारत होते, कशी लागली, आणि लूमच्या आवाजात त्यांना माझं उत्तर ऐकू येत नव्हतं. शेवटी मी दोन्ही हात तोंडाशी धरून, आयुष्यात ओरडलो नव्हतो इतक्या जोराने ओरडलो, "मला बिअर कडू लागते!" आणि नेमकी 'मला'च्या पुढे लाइट गेली. खालचे सगळे लूम एकदम थांबले. "बिअर कडू लागते" हे शब्द निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत देवळाच्या घंटेसारखे घुमत गेले. समोरच्या गॅलरीतल्या बाईने वाळत घातलेली चादर बाजूला सारून पाहिलं. खाली कुणीतरी म्हणालं, "कौन रो रहा है?" काशीशेठ दिवाणावर आडवे होऊन हसत होते. त्यानंतर कित्येक महिने कोपऱ्यावरचा चहावाला माझ्या चहात न सांगता जादा साखर घालत असे. "मास्तरजी को कडवा नहीं चलता," असं तो इतर गिऱ्हाइकांना समजावूनही सांगे.

माझी आवड शेवटी सापडली ती अकलोलीला. थंडीचे दिवस होते, मला सर्दी झाली होती, आणि गरम पाण्याच्या झऱ्याने सर्दी जाते असं म्हणून काशीशेठ मला घेऊन गेले. आम्ही एका लॉजमध्ये उतरलो. तिथल्या न्हाणीत झऱ्याचं पाणी नळाने येत असे. काशीशेठांच्या मनात आलं, की सर्दीला गरम पाणी चांगलं, व्हिस्कीही चांगली, तर दोन्ही एकत्र का नको? त्यांनी नळाखाली ग्लास धरला. त्या पाण्याला गंधकाचा वास असतो, हे आम्ही दोघेही विसरलो. एक घोट घेतला आणि मला जाणवलं की आपण फटाक्यांची माळ गिळली आहे. काशीशेठांनीही, अर्थातच, तसाच ग्लास भरून घेतला होता. ते डोळे मिटून म्हणाले, "ह्याला दारू म्हननार न्हाय मी. हा जुलाब हाय." मग त्यांनी लॉजच्या स्वयंपाकघरातून साधं उकळलेलं पाणी मागवलं. चहाच्या कपात बोटभर व्हिस्की, त्यावर गरम पाणी, बस्स. मी एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग काही न बोलता पिशवीतलं पुस्तक काढून वाचायला लागलो...

काशीशेठ हळूच उठले. दार उघडून ओसरीवर गेले आणि लॉजच्या रखवालदाराला मोठ्याने म्हणाले, "सापडलं! मास्तरांचं सापडलं!" त्या बिचाऱ्याला वाटलं, माझं पाकीट हरवलं होतं.

तेव्हापासून शनिवारी माझ्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी येई. आणि मी असलो की काशीशेठही चहाच्या कपात गरम पाण्याची व्हिस्की घेत. मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मला वाटलं, आमची आवड जुळली. ग्रंथालयातल्या माणसाला अशा योगायोगांचं फार अप्रूप असतं.

त्यांच्या मुलीचं लग्न झालं आणि निखिल घरात आला. तो पुण्याचा, मोठ्या कंपनीत नोकरीला, आणि व्हिस्कीतला जाणकार. तो येताना परदेशी सिंगल माल्टची बाटली आणि पोट फुगलेले, तोंडाशी निमुळते होणारे दोन ग्लास कापडात गुंडाळून आणी. पहिल्या भेटीत मी हजर होतो.

"बाबा, आधी फक्त वास घ्यायचा," निखिल म्हणाला.

काशीशेठांनी घेतला.

"काय जाणवतंय?"

"दारू हाय."

"हो, पण अजून? धूर येतोय? ओलं लाकूड? थोडासा समुद्र, शेवाळं?"

काशीशेठांनी पुन्हा नाक घातलं. बराच वेळ ठेवलं. "हाय खरा. खाडीचा वास हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "येवढ्या लांबून आनली पोरानं. आपल्या तर मागच्या दारातच हाय."

निखिलचा चेहरा उतरला असावा. कारण काशीशेठांनी लगेच दुसरा घोट घेतला, पाण्याशिवाय, बर्फाशिवाय, त्याने सांगितला तसा, जिभेवर फिरवून. निखिलच्या शास्त्रात बर्फ म्हणजे पाप होतं. त्याचं म्हणणं, बर्फाने चव झोपते. काशीशेठांनी ते मान डोलावून ऐकून घेतलं, आणि पुढे निखिल आला की ते त्या निमुळत्या ग्लासातून कोरडी व्हिस्की घेत. दिनेश एकदा त्या ग्लासाला 'समई' म्हणाला, तर त्यालाच झापलं. "जावयाला वास आवडतो, घेऊ दे. ज्याची जीभ त्याची, न् ज्याचं नाक त्याचं."

असे ते. अंत्यसंस्काराला खाडीवर एवढी माणसं होती की गोदामाचे ट्रक रस्त्यावर थांबून राहिले. पण मला लिहायचं आहे ते बाराव्या दिवसाबद्दल.

त्यांच्या गावात एक रीत आहे. बाराव्याला, गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं एका पानावर वाढतात, ते पान त्याच्या खोलीत ठेवतात आणि दार लोटून घेतात. थोडा वेळ आत कुणी जायचं नाही. मग ते पान गच्चीवर कावळ्यासाठी नेतात. कावळा शिवेल की नाही याची चिंता त्या गावात कुणी करत नाही. खाडीकाठचे कावळे, ते कशालाही शिवतात. माणूस पिणारा असेल तर पानाशेजारी त्याचा ग्लासही भरून ठेवतात. त्याचं जे असेल ते, तो घ्यायचा तसं.

मी सकाळी पोचलो तेव्हा खाण्याचा प्रश्न सुटलेला होता. चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाची भाकर, वडे, यांवर कुणाचं दुमत नव्हतं. ओटीवर माणसं गोळा झाली होती ती ग्लासासाठी. दिनेश घमेलंभर बर्फात बिअरच्या बाटल्या घेऊन उभा होता.

"काकाचं म्हंजे बिअर," तो म्हणाला. "प्रत्येक हळदीला माझ्यासंगं बसलाय. मीठ टाकून. मला विचारा."

निखिलने कापडातून निमुळता ग्लास काढला. "दिनेशदादा, ती जुनी गोष्ट झाली. बाबा शेवटी शेवटी सिंगल माल्टवर आले होते. नीट घ्यायचे. मी स्वतः पाहिलंय."

काशीशेठांचे थोरले भाऊ हसूदादा, गळ्यात तुळशीची माळ, भिंतीला टेकून बसले होते. "पानाजवळ दारू ठेवायची न्हाय. माझ्यासंगं बसला की काशा कपभर दूध प्यायचा, साखर न घालता. दूध ठेवा."

"दूध?" दिनेश म्हणाला. "आबा, काका न् दूध?"

"तुजा जन्म व्हायच्या आधीपासून."

रफीकभाई दाराशी उभे होते. ते हळूच म्हणाले, "बुरा मत मानना, लेकिन काशीसेठ तो पीते ही नहीं थे. मेरे सामने तो हमेशा लिंबू-सोडा. मैं तो सबको यही बोलता था, कि सेठ ने छोड़ दी है."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शनिवारचा माणूस, पुस्तकं वाचणारा, मला नक्की माहीत असणार. मी पिशवीतून थर्मास काढला. हो, मीसुद्धा घरून गरम पाणी घेऊन गेलो होतो. "गरम पाण्यातली व्हिस्की," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला माझा आवाज खोटा वाटायला लागला. ओटीवर एका रांगेत बिअर, सिंगल माल्ट, दूध, लिंबू-सोडा आणि माझा थर्मास उभे होते, आणि प्रत्येकाच्या मागे एकेक माणूस शपथ घ्यायला तयार.

तेव्हा जानकीवहिनी आतून बाहेर आल्या. काशीशेठांच्या पत्नी. त्यांनी ती रांग एकदा पाहिली. मला वाटलं त्या आता रडतील. त्या चिडल्या होत्या.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं मी हेच बघतेय. ज्याच्यासंगं बसायचं त्याचं प्यायचं. सगळ्यांना इचारीत फिरायचे, तुला काय आवडतं, तुला काय आवडतं. ह्यांना कोनी इचारलं का?"

"शेवटचा घोट तर चहाचा घेतला त्यानं," हसूदादा चाचरत म्हणाले. "चहाच ठेवा मंग."

"चहा त्यांना आवडत न्हवता, दादा. मला सकाळी एकटीला प्यायला लागू नये म्हनून घ्यायचे." वहिनी थांबल्या. पदराने तोंड पुसलं. "एकच ग्लास ठेवायचाय. चुकीचा ठेवला तर तोबी पिऊन टाकतील, आपल्याला बरं वाटावं म्हनून. मेल्यावर तरी त्यांचं त्यांना मिळू दे."

काशीशेठांनी माझ्यासारख्या परक्या माणसाची आवड शोधायला दीड-दोन हिवाळे घालवले होते, अकलोलीचा गंधक प्याले होते. आणि इथे त्यांच्या अगदी जवळची माणसं बसली होती, आणि त्यातल्या कुणालाच... मी थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिलो. आत भाकरीची वाफ विरत होती. बाराव्याच्या विधीला आलेले गुरुजी घड्याळ बघत होते.

तोडगा वहिनींनीच काढला. पान खोलीत ठेवायचं, शेजारी रिकामा ग्लास ठेवायचा, आणि आणलेलं सगळं त्याच्याभोवती मांडायचं. "आन् समोर कोनी बसायचं न्हाय," त्यांनी बजावलं. "कोनी समोर नसलं की घेतील त्यांचं ते."

दिनेशने बर्फाचं घमेलं बाटल्यांसकट नेऊन ठेवलं. निखिलने सिंगल माल्ट ठेवली आणि लेबलाची दिशा उगीच दोनदा बदलली. रफीकभाईंनी सोड्याची बाटली आणि दोन लिंबं ठेवली. हसूदादांनी बराच विचार करून दुधाचा कप ठेवला, बाटल्यांपासून जेवढा लांब ठेवता येईल तेवढा. माझा थर्मास. मध्ये काशीशेठांचा फोटो, फोटोसमोर पान, पानाशेजारी काचेचा साधा रिकामा ग्लास. वहिनींनी दार लोटलं. आम्ही सगळे ओटीवर येऊन बसलो, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी बसतात तसे. लांब हायवेवर कंटेनरचे हॉर्न वाजत होते.

आणि आतून आवाज आला.

खळ्... खण्ण.

दिनेश अर्धवट उठला. निखिल, जो इंजिनिअर आहे, त्याने माझा हात धरला. हसूदादांनी माळेला हात लावला. पुन्हा तसाच आवाज आला, या वेळी जरा मोठा, घमेल्याच्या लोखंडावर काहीतरी सरकल्याचा. मी चार पुस्तकं वाचलेला माणूस आहे. घमेल्यातला बर्फ वितळतो, खालचे खडे निसटतात, वरचे खाली येतात, हे मला ठाऊक आहे. निखिललाही ठाऊक आहे. पण त्या क्षणी आम्हा दोघांनाही फिजिक्समध्ये पास कुणी केलं, असा प्रश्न पडावा असे आमचे चेहरे होते.

"बर्फ है," रफीकभाई पुटपुटले.

"बर्फ," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बया. बर्फ!"

आणि त्या हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. "आमच्या लग्नात मुहूर्ताला नवरा सापडंना. भटजी ओरडतोय, अंतरपाट धरलाय, न् नवरा न्हाय. दादा, तुमीच गेलतात ना शोधायला?"

"पिंपाजवळ उभा होता," हसूदादा म्हणाले. त्यांचाही चेहरा सैल झाला होता. "मुंडावळ्या वर सारून बर्फ चावीत. बोललो, काशा, चल. तर बोलतो, येवढा खडा संपू दे."

मग प्रत्येकालाच काहीतरी आठवायला लागलं. हळदीला बिअर उगाच हातात धरून काका पिंपापाशीच का घुटमळायचे, ते दिनेशला आठवलं. सोड्यातला बर्फ काशीशेठ आधी संपवायचे आणि सोडा तसाच राहायचा, हे रफीकभाईंना आठवलं. निखिल म्हणाला, की बाबा व्हिस्की संपवून उठले की स्वयंपाकघरात जायचे आणि फ्रीजचा दरवाजा वाजायचा. त्याला वाटायचं, पाणी प्यायला जातात. आणि मला तो कडाड् असा आवाज ऐकू आला, लूमच्या वर, शनिवारच्या उन्हात. सगळ्यांच्या देखत चाललेली त्यांची ती एकच चैन होती. तिला आम्ही सगळ्यांनी सवय म्हटलं होतं.

वहिनी उठल्या, दार उघडून आत गेल्या आणि रिकामा ग्लास बर्फाने काठोकाठ भरला. फक्त बर्फाने. दुसरं काही नाही. हसूदादांनी तो पाहून समाधानाने मान हलवली. "पानीच तर हाय. ह्याला देवाचीबी हरकत न्हाय." रफीकभाई म्हणाले, "इसमें तो मैं भी साथ दे सकता हूँ," आणि आतून घमेल्यातला एक खडा आणून तोंडात टाकला. मग दिनेशने टाकला. मग निखिलने, चव झोपेल याची पर्वा न करता. त्या ओटीवर बाराव्याला जमलेली सगळी पोक्त माणसं कडाकडा बर्फ चावत उभी होती. मीसुद्धा. माझ्या एका दाताने तिथल्या तिथे निषेध नोंदवला.

पान आणि बर्फाचा ग्लास गच्चीवर नेला. कावळा आला, वडा उचलला आणि गेला. बर्फाकडे त्याने बघितलंही नाही. ते बरंच झालं. तो त्याच्यासाठी नव्हताच. आम्ही खाली उतरलो तेव्हा वहिनी मात्र मागे राहिल्या. उन्हात ग्लासातला बर्फ पाणी होईपर्यंत त्या वर उभ्या होत्या, आणि ग्लासाच्या समोर नाही, बाजूला, पाठ करून.

आता रफीकभाईंचे लूम पुन्हा चालू आहेत. वरचं ऑफिस वहिनींनी तसंच ठेवलं आहे. किल्ली रफीकभाईंकडे असते. पण शनिवारी मी तिथे जात नाही, अजून जमत नाही. घरीच बसतो. खिडकीशी खुर्ची, चहाच्या कपात बोटभर व्हिस्की, वर गरम पाणी, मांडीवर पुस्तक. समोरच्या स्टुलावर मी स्टीलच्या पातेल्यात बर्फ काढून ठेवतो. आमच्याकडे बर्फ कुणालाच लागत नाही, म्हणून फ्रीजमधला ट्रे आठवडाभर अडकून बसलेला असतो आणि तो सोडवताना मला नळाखाली धरावा लागतो. घरातले विचारतात, गरम पाण्याच्या माणसाला बर्फ कशाला? मी काही सांगत नाही. पातेल्याकडे बघतही नाही, काशीशेठ घेतील त्यांचं ते. मी वाचत असतो. मग पानाच्या मध्येच केव्हातरी तो आवाज येतो, खळ् असा, आणि मी जिभेला बोट लावून पान उलटतो.